दिवा बदलला म्हणून अख्खा विमा विझत नाही

चिखलोली, अंबरनाथ, बदलापूरच्या मंडळींनो, पोस्ट मोठी आहे. पण घरात बाइक असेल आणि तिचा हेडलाइट बाहेरून बदलून घेतला असेल, तर शेवटपर्यंत वाचा. चहा घेऊन बसा हवं तर.

आमच्या सोसायटीतला एक मुलगा एमआयडीसीत रात्रपाळी करतो. गेल्या पावसाळ्यात सकाळी घरी परतताना नाक्यावर गाडी थांबवून उभा होता. मागून टेम्पोनं ठोकलं आणि टेम्पो पसार. बाइकचं मागचं मडगार्ड तुटलं, टेल लॅम्पचा चुरा झाला, चेसिस वाकली. पोराला मुका मार लागला, एवढ्यावर निभावलं. लायसन्स होतं, विमा चालू होता, हप्ता वेळेवर भरलेला. सर्व्हेअर आला, चारी बाजूंनी फोटो काढून गेला. पंधरा दिवसांनी कंपनीचं एका ओळीचं उत्तर आलं: वाहनात अनधिकृत बदल आढळल्यानं क्लेम नामंजूर.

बदल कुठला? पुढचा एलईडी बल्ब.

लख्ख सकाळ, उभी गाडी, धडक मागून. आणि गुन्हेगार कोण, तर पुढचा दिवा!

तोच पोरगा वॉरंटीत असलेल्या गाडीच्या पुढच्या शॉकअपचं ऑइल सील गळतंय म्हणून शोरूमला गेला, तर तिथंही तेच. "हेडलाइट बाहेरचा आहे ना, वॉरंटी गेली." आता ऑइल सीलचा आणि बल्बचा संबंध मला तरी कुठल्याच मेकॅनिकनं समजावून सांगितलेला नाही.

हा किस्सा सांगितला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "बरं झालं, कशाला लावतात असले लाइट?" दुसरा म्हणतो, "काय होत नाय रे, सगळेच लावतात." माझं म्हणणं, दोघंही चुकताहेत. आणि या दोघांच्या भांडणात कंपनी आरामात पैसे वाचवते.

आधी आपल्याच माणसांचे कान धरतो.

एलईडी लावणारा प्रत्येक जण हिरोगिरी करत नसतो, हे मान्य. चिखलोली स्टेशन व्हायच्या आधीच इथं इमारती उभ्या राहिल्या. तोवर इथला माणूस अंबरनाथ नाहीतर बदलापूरला उतरणार आणि शेवटच्या लोकलनंतर बाइकवरूनच घरी येणार. एमआयडीसीतली पाळी सुटते तेव्हा कित्येक पट्ट्यांत खांब आहेत पण दिवा नाही. खड्डा दिसतो तो चाक आत गेल्यावर. त्यात जुन्या कम्युटर गाड्यांचा हेडलाइट थेट इंजिनाच्या जोरावर चालतो. इंजिन मंदावलं की दिवाही मंदावतो. म्हणजे वेग कमी करून खड्डा चुकवायला जाल, तेव्हाच नेमका उजेड कमी. अशा माणसानं पाच-सातशे रुपयांचा पांढराशुभ्र बल्ब लावला, तर त्याला गुंड ठरवू नका.

पण तो बल्ब काय करतो तेही समजून घ्या. हॅलोजन बल्बमधली तार काही मिलिमीटरची असते, आणि मागचा रिफ्लेक्टर त्या तारेची जागा धरूनच घडवलेला असतो. एच-4 बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. उजेड वर जाऊ नये, समोरच्याच्या डोळ्यात घुसू नये, हे काम ती करते. स्वस्त एलईडीत उजेडाची जागाही बदलते आणि ती आडही नीट जमत नाही. परिणाम असा की तुम्हाला वाटतं झकास उजेड पडला, पण रस्त्यावर पडायचा उजेड समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याच्या डोळ्यात गेलेला असतो. तो दोन सेकंद आंधळा होतो. पावसात ओल्या काचेवर तर विचारूच नका. आणि एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत बंदच होत नाही, तेव्हा हा त्रास दिवसाही चालूच.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळच्या एका प्रकरणात हे आणखी ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम 182-अ आलं: परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "काय होत नाय" म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

म्हणजे दिवा चुकीचा असू शकतो, त्याला दंडही होऊ शकतो. इथपर्यंत कंपनीचं आणि माझं एकमत आहे.

पुढे नाही. कारण गुन्ह्याचा दंड वेगळा आणि विम्याचा करार वेगळा. दंड सरकार घेतं. कंपनीनं तुमच्याकडून हप्ता घेतलाय, तो अपघाताची भरपाई द्यायला. आणि "विमा गेला" असं एका दमात बोलतात तेव्हा त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एका पोत्यात भरलेल्या असतात.

पहिली गोष्ट, थर्ड पार्टी. तुमच्या गाडीनं दुसऱ्याला इजा झाली तर त्याला मिळणारी भरपाई. ती कंपनीला कुठल्या कारणांवरून नाकारता येते, हे कलम 150 मध्ये मोजून दिलंय: लायसन्स नसणं, शर्यत, परवाना नसताना भाड्यानं वापर, दारू वगैरे. बदललेला हेडलाइट त्या यादीत नाही. तेव्हा "एलईडी लावलास, आता कुणाला उडवलंस तर घर विकावं लागेल" ही भीती घालणं बंद करा. मात्र तुमच्या दिव्यानं दिपून समोरचा पडला, तर निष्काळजीपणा तुमचाच धरला जाऊ शकतो, हेही विसरू नका.

दुसरी, आपल्याच गाडीचं नुकसान, म्हणजे ओन डॅमेज. खरी भांडणं इथंच होतात. गाडी सुस्थितीत ठेवा अशी अट पॉलिसीत असते. विजेचा नुसता बिघाड भरून मिळत नाही, हेही लिहिलेलं असतं. त्यामुळे कुणी वायरिंग कापून, टेप गुंडाळून, जास्त वॅटचा बल्ब बसवला आणि त्यात हार्नेस जळाला, तर कंपनी नाही म्हणेल आणि मी कंपनीच्या बाजूनं बोलेन. रात्री समोरासमोर धडक झाली असेल तर दिव्याची चौकशीही व्हावी. पण उभ्या गाडीला मागून ठोकलं, झाड पडलं, गाडी चोरीला गेली, यात बल्बनं काय केलं? पॉलिसीतला अपवाद लागू होतो हे दाखवायची जबाबदारी कंपनीची असते, ग्राहकाची नाही. 2010 मध्ये अमलेंदू साहू प्रकरणात तर खासगी गाडी भाड्यानं दिली होती, म्हणजे पॉलिसीची अट सरळ मोडली होती. तरीही सुप्रीम कोर्टानं सांगितलं की संपूर्ण क्लेम फेटाळता येणार नाही, काही टक्के कापून द्या. गाडी भाड्यानं देणाऱ्याला हा न्याय, आणि बल्ब बदलणाऱ्याला शून्य?

तिसरी, वॉरंटी. ती विमा नाही, उत्पादकाचं वचन आहे, आणि त्याच्या अटी वॉरंटीच्या पुस्तिकेत असतात. विजेचं काम बाहेर केलं तर वायरिंग, बॅटरी, रेग्युलेटर यांची वॉरंटी अडचणीत येते, ते समजण्यासारखं आहे. पण शॉकअप, क्लच, गिअरबॉक्स? ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं 14 कार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला. त्यातलं एक सूत्र मला फार पटतं: बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, त्या बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारायची. निकाल कारचा होता, त्यावर पुढे अपिलंही झाली, म्हणून तो जसाच्या तसा बाइकच्या काउंटरवर आपटून उपयोग नाही. पण न्यायाची रीत तीच आहे. ज्या दिव्यानं जेवढं जाळलं, तेवढंच त्या दिव्याच्या नावावर टाका.

आता सांगा, या सगळ्यात गप्प कोण राहतं?

बल्ब विकणारा गप्प राहतो. "हा रस्त्यावर चालवायला मंजूर आहे का?" असं विचारा, तो म्हणेल, "साहेब, सगळे नेतात." डब्यावर उजेडाचे वाट्टेल ते आकडे असतात, पण कुठल्या गाडीच्या कुठल्या हेडलाइटमध्ये तो बसवून तपासलाय, ते एका ओळीत नसतं. पॉलिसी विकणारा गप्प राहतो. "बाहेरचं काही बसवलंय का?" एवढा एक प्रश्न तो विचारत नाही, कारण विचारलं तर विक्री लांबते. मग अपघात झाल्यावर हाच प्रश्न सर्व्हेअर विचारतो. आणि रस्त्यावर दिवे लावायची जबाबदारी ज्यांची, ते तर कायमचेच गप्प. दंड मात्र सगळ्यात शेवटच्या माणसाला. पाच-सातशेचा बल्ब विकत घेणारा सापडतो, पेट्यांनी विकणारा सापडत नाही.

जर्मनीत 2020 मध्ये हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एका एलईडी बल्बला पहिल्यांदा परवानगी मिळाली. ती सरसकट नव्हती. तपासून, ठरावीक गाड्यांची यादी करून, त्या यादीपुरतीच दिली. आपल्याकडे हे का होऊ नये? ज्या गाड्यांचे मूळ दिवे मिणमिणते, त्यांच्यासाठी तपासलेला, मंजूर केलेला, बिलासकट मिळणारा पर्याय द्या. मग मंजूर नसलेला विकणाऱ्याचं दुकान खुशाल सील करा, मी टाळ्या वाजवायला येईन. आणि विमा नियामकानं कंपन्यांना एवढंच बजावावं: बदलाचं कारण देऊन क्लेम नाकारायचा असेल, तर त्या बदलानं अपघात किंवा नुकसान कसं झालं ते लेखी लिहा. लिहिता येत नसेल तर पैसे द्या.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपण काय करायचं?

आज घरी गेलात की पॉलिसी उघडा. सप्टेंबर 2018 पासून नवी दुचाकी घेताना थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा येतो. ओन डॅमेज बहुतेकांचा एकाच वर्षाचा असतो. कितीतरी पोरं "पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे" म्हणून बिनधास्त फिरतात आणि स्वतःच्या गाडीचा विमा कधीच संपलेला असतो. तिथं दिव्याचा वाद घालायलाही जागा उरत नाही.

बाहेरचं काही विजेवर चालणारं बसवलं असेल तर रिन्यूअलच्या वेळी लेखी कळवा. जुन्या टॅरिफमध्ये अशा वस्तूच्या किमतीच्या 4 टक्के जादा हप्ता होता, म्हणजे 3,000 रुपयांच्या वस्तूला 120 रुपये. आता कंपनीगणिक फरक पडेल. न कळवलेल्या वस्तूची किंमत मिळत नाही, ते ठीकच आहे. पण कळवलं म्हणून बेकायदा दिवा कायदेशीर होत नाही, हेही ध्यानात ठेवा. डोळे दिपवणारा असेल तर काढाच. मूळ बल्ब आणि होल्डर फेकून देऊ नका, वायर कापू देऊ नका. अनेकदा नवी काच, नवा रिफ्लेक्टर, नीट अर्थिंग आणि फोकस खाली करून घेतला तरी जुनाच दिवा पुरेसा उजेड देतो.

क्लेम नाकारला तर फोनवर हो-ला-हो करू नका. कारण लेखी मागा, सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा. कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात. वॉरंटीच्या तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग.

आमच्या सोसायटीतल्या पोरानं लेखी कारण मागणारा अर्ज दिलाय. अर्जात एकच प्रश्न आहे: पुढच्या बल्बमुळे मागून टेम्पो कसा धडकला, ते कृपया समजावून सांगावे. उत्तर आलं की इथंच टाकतो.

आणि हो, त्यानं तो एलईडी काढून टाकलाय. कंपनीच्या भीतीनं नाही. मी एका रात्री त्याच्या समोरून चालत आलो आणि त्याला मोबाइलवर दाखवलं की मला काय दिसतं. पांढरा गोळा, बाकी काही नाही. तो स्वतःच म्हणाला, "काका, हे तर चुकलंच."

त्याचं चुकलं, त्यानं दुरुस्त केलं. आता कंपनीची पाळी.

ओळखीत कुणाचा असा क्लेम अडकला असेल तर कमेंटमध्ये लिहा. पॉलिसी नंबर आणि फोन नंबर टाकू नका, फक्त काय झालं आणि काय उत्तर मिळालं ते सांगा. आठ-दहा जण जमले तर एकत्र अर्ज करू.