अग्निबाण, ओळंबा आणि आपली मुले

शालेय विज्ञान प्रदर्शनांचे परीक्षण करण्याचे काम आमच्याकडे अनेक वर्षांपासून येत आहे. थर्मोकोलचा ज्वालामुखी, बाजारातून तयार आणलेली पवनचक्की, आणि तिच्याशेजारी उभे राहून पाठ केलेली माहिती एका दमात सांगणारे मूल, हे दृश्य फारसे बदललेले नाही. दोष मुलाचा नाही. त्याने काही कापले नाही, जोडले नाही, बिघडवलेही नाही. मग स्वतःचे म्हणून सांगण्यासारखे त्याच्यापाशी काय असणार? आपल्या निवासी विद्यालयात मुलांनी स्वतः छोटा अग्निबाण बांधावा आणि उडवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. या सूचनेवर दोन आक्षेप हमखास येतात. एक धोक्याचा, दुसरा वेळेच्या अपव्ययाचा.

धोक्याचा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. वसतिगृहात ठेवलेले मूल ही आईबापांनी आपल्याकडे विश्वासाने दिलेली ठेव आहे. परंतु या छंदाचा इतिहास पाहिला, तर तो मुळात मुलांचे हात वाचवण्याच्या धडपडीचाच इतिहास आहे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेतील शाळकरी मुलांना अग्निबाणांचे वेड लागले. लोखंडी नळ्यांत आगकाड्यांचे गूल नाहीतर जस्त-गंधकाचे मिश्रण ठासायचे आणि पेटवायचे. त्यात अनेक जण गंभीर जखमी झाले. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक या गावी ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे जोड्यांचे दुकानदार होते. शोभेच्या दारूकामाचा त्यांना नाद होता. त्यांचे बंधू रॉबर्ट विमानांच्या प्रतिकृती उडवत. या दोघांनी १९५४ मध्येच कागदी नळीचा, पॅराशूटने अलगद खाली येणारा छोटा अग्निबाण तयार केला होता. व्हाइट सँड्स येथील क्षेपणास्त्र चाचणी केंद्रात काम करणारे हॅरी स्टाइन यांनी १९५७ मध्ये मुलांच्या या जीवघेण्या प्रयोगांवर लेखन केले. ते वाचून कार्लाइल यांनी आपले नमुने त्यांच्याकडे धाडले. स्टाइन यांनी सुरक्षेचे नियम बांधले. पुढे कोलोरॅडोतील व्हर्नन एस्टिस यांनी इंजिने भरणारे यंत्र उभारले. त्याचे नाव त्यांनी ‘मेबल’ ठेवले होते.

या मंडळींनी काय केले, ते नीट पाहिले पाहिजे. मुलांवर बंदी घातली नाही. ज्या कामात जीव जाऊ शकतो तेवढे मुलांच्या हातून काढून कारखान्याकडे दिले, आणि ज्यात बुद्धी लागते ते सारे मुलांच्या हातात ठेवले.

कागदाची नळी, बाल्सा लाकडाचे पंख, टोकदार नाक, रबरी दोरी आणि पातळ प्लास्टिकचे पॅराशूट असा संच असतो. धातूचा भाग अंगाला कुठेही नाही. पंख कापताना लाकडाचे तंतू पुढच्या कडेशी समांतर ठेवावे लागतात. नाहीतर पहिल्याच उतरणीत पंख मोडतो. पॉलिश पेपरने कडा गोलावताना घाई केलेली आकाशात लगेच दिसते. इंजिनावर ‘ए ८-३’ अशी खूण असते. अक्षर एकूण आवेगाची मर्यादा सांगते, पहिला आकडा सरासरी रेटा न्यूटनमध्ये आणि शेवटचा आकडा इंधन संपल्यावर पॅराशूट बाहेर फेकले जाईपर्यंतचे सेकंद. पेटवणे विजेच्या तारेने, किमान पंधरा फुटांवरून. बटण दाबूनही अग्निबाण उडाला नाही, तर सुरक्षा-किल्ली काढून पूर्ण एक मिनिट कोणी जवळ जायचे नाही. तेरा वर्षांच्या मुलाला ते एक मिनिट किती लांब वाटते, हे शिक्षकांना सांगायला नको.

आपल्याकडे मात्र बारुदीचे इंजिन १८८४ च्या स्फोटक कायद्याच्या कक्षेत येते. परवान्यावाचून ते बनवणे गुन्हा आहे, आणि शाळेने त्या वाटेला जाऊच नये. साखर वितळवून इंधन करण्याच्या चित्रफिती मुलांच्या मोबाइलवर पोहोचल्या आहेत. म्हणूनच त्यांना दुसरी वाट तातडीने दाखवणे भाग आहे. ती वाट पाण्याच्या अग्निबाणाची. शीतपेयाची दोन लिटरची बाटली घ्यावी. ती दाब सोसण्यासाठीच बनलेली असते, साधी पाण्याची बाटली चालणार नाही. एक तृतीयांश पाणी, रबरी बुचातून बसवलेला सायकलचा व्हॉल्व्ह आणि हातपंप. हवा पंक्चरवाल्याच्या भाषेत पन्नास पौंडांच्या वर न्यायची नाही. बाटलीवर कोणी वाकायचे नाही, डोळ्यांना चष्मा हवा आणि खटका लांब दोरीने ओढायचा.

आग नाही, पण शास्त्र तेच. गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या पुढे, नाकाच्या बाजूला असला तरच अग्निबाण सरळ जातो. रिकाम्या बाटलीला तोलबिंदूपाशी दोरी बांधून डोक्याभोवती गरगर फिरवावे. नाक पुढे राहिले तर ठीक. शेपूट पुढे आली तर नाकात मूठभर शाडू भरावा किंवा पंख मोठे करावेत. हे फळ्यावर सांगून मुलाला पटत नाही, फिरवून पाहिले की कायमचे पटते.

उंची मोजण्याचे साधन तर आम्हांला सर्वांत प्रिय आहे. कोनमापक उलटा धरायचा, मध्यबिंदूला दोरा, दोऱ्याला वजन. सरळ कडेवरून अग्निबाणाचा शेंडा पाहायचा आणि दोरा दाखवील तो कोन नव्वदातून वजा करायचा. पन्नास मीटरवरून तीस अंश मिळाले तर उंची साधारण एकोणतीस मीटर, अधिक आपल्या डोळ्यांची उंची. हा दोरा आणि वजन म्हणजे गवंड्याचा ओळंबाच. आपल्या कितीतरी मुलांच्या बापांनी तो आयुष्यभर भिंतींवर धरला आहे. त्याच ओळंब्यातून त्रिकोणमिती निघते, हे मुलाने बापाला दाखवावे, अशी आमची इच्छा आहे.

दुसरा आक्षेप गुणांचा. वेस्ट व्हर्जिनियातील कोलवूड या कोळसाखाणीच्या गावात होमर हिकॅम आणि त्याच्या मित्रांनी अग्निबाण बांधले. पहिल्या प्रयत्नात आईच्या गुलाबाच्या वाफ्याचे कुंपण उडाले. त्यांच्या दारूकामाचे अनुकरण आम्ही मुळीच सुचवत नाही. परंतु फ्रीडा रायली या शिक्षिकेने त्यांना पुस्तक दिले, खाणीच्या यंत्रशाळेतील कामगारांनी त्यांचे धातूचे भाग घडवून दिले, आणि ज्या गणिताचा कंटाळा होता ते मुले अडले म्हणून शिकली. १९६० च्या राष्ट्रीय विज्ञान मेळाव्यात हिकॅमला पदक मिळाले. पुढे तो नासात अभियंता झाला. त्या यंत्रशाळेतल्या कामगारांकडे आमचे लक्ष अधिक जाते. आपल्या देशात हात एका जातीचे आणि डोके दुसऱ्या जातीचे अशी वाटणी शतकानुशतके चालली. म्हैसूरच्या सैन्याने १७८० मध्ये पोल्लिलूर येथे इंग्रजांवर लोखंडी नळ्यांचे अग्निबाण सोडले, हे आम्ही वर्गात शिकवतो. त्या नळ्या ठोकणाऱ्यांचे नाव पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

माजी विद्यार्थ्यांना विनंती इतकीच की, या वर्षी भिंतीवरची घड्याळे आणि चौकटीतल्या तसबिरी पुरे. एक भक्कम टेबल, कात्या, पोलादी पट्ट्या, एक तराजू, दाब दाखवणारे दोन पंप आणि चष्म्यांची एक पेटी द्यावी. आणि उडवण्याच्या दिवशी दोरी प्रमुख पाहुण्यांच्या हाती देण्याचा मोह व्यवस्थापनाने टाळावा. ज्या मुलीने पंख घासले तिनेच ती ओढावी. पाहुण्यांना पन्नास मीटरवर कोनमापक घेऊन उभे करावे. तिथे माणूस कमीच पडतो.