स्वातंत्र्य कोणी दिले?

दरवर्षी १७ सप्टेंबरला जालन्याच्या टाऊन हॉलपाशी, हुतात्मा जनार्दनमामा नागापूरकरांच्या स्मृतिस्तंभासमोर ध्वजवंदन होते, पुष्पचक्रे वाहिली जातात आणि मंडळी पांगतात. यात गैर काही नाही. परंतु अलीकडे सुशिक्षितांच्या बैठकीत एक मत मोठ्या ऐटीने ऐकू येते. दुसऱ्या महायुद्धाने इंग्रज खंक झाला, म्हणून तो गेला. त्याच्या जिवावर उभा असलेला निजाम चार-पाच दिवसांत कोसळला. मग या स्तंभाचे एवढे माहात्म्य कशाला?

असे विचारणाऱ्यांनी एकदा आफ्रिकेकडे पाहावे. तेथील स्वातंत्र्याविषयीही हेच बोलले जाते, आणि तेथेही ते अर्धेच खरे आहे.

ऑगस्ट १९४१ मध्ये रूझवेल्ट व चर्चिल यांनी अटलांटिक सनद प्रसिद्ध केली. आपले राज्य कसे असावे हे ठरविण्याचा प्रत्येक लोकसमाजाचा हक्क तीत मान्य केला होता. महिना उलटतो न उलटतो तोच चर्चिलसाहेबांनी पार्लमेंटात खुलासा केला की, हे वचन मुख्यतः नाझी टाचेखालील युरोपासाठी आहे! पण उच्चारलेला शब्द परत घेता येत नाही. नायजेरियाचे पत्रकार अझिकिवे यांनी १९४३ साली तीच सनद इंग्रजांपुढे ठेवून स्वराज्याची मुदत मागितली. तिकडे पश्चिम आफ्रिकेच्या पलटणी ब्रह्मदेशाच्या रानात जपान्यांशी लढत होत्या. आमच्या मराठा पलटणी त्याआधीच एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर लढून आल्या होत्या. गोरा साहेबही हरतो, पळतो, मरतो, हे या शिपायांनी डोळ्यांनी पाहिले. महायुद्धाचे खरे कर्तृत्व हे. साहेबाचा दरारा गेला.

दरारा गेला, सत्ता गेली नव्हती. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी अक्रा शहरात युद्धावरून परतलेले निःशस्त्र सैनिक आपली गाऱ्हाणी घेऊन गव्हर्नरच्या वाड्याकडे निघाले. पोलिसांच्या गोळीने तिघे ठार झाले. शहर पेटले, एन्क्रुमा प्रभृती पुढारी गजाआड गेले. गोल्ड कोस्टचा घाना झाला तो ६ मार्च १९५७ रोजी. महायुद्ध संपून तोवर अकरा वर्षे उलटली होती. ती वर्षे काय साहेबाने दान दिली?

आता त्याच १९४८ सालचा मराठवाडा पाहा. लोकशाहीच्या रक्षणासाठी म्हणून चाललेल्या त्या युद्धात निजामाने इंग्रजांच्या विमानदलास पैसा पुरविला. त्यातील तुकड्यांच्या नावात हैदराबाद झळकले. इकडे त्याच्या राज्यात स्टेट काँग्रेसवर १९३८ पासून बंदी होती. ती उठली १९४६ साली. १५ ऑगस्ट १९४७ ला इंग्रज गेला, निजामाचा आधारस्तंभ गेला, तरी जालन्यावर अंमल निजामाचाच राहिला. तो पुढे तेरा महिने टिकला. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात, रझाकार मोकाट, सरहद्दीवर सत्याग्रहींचे कॅम्प आणि करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले, असे ते दिवस होते. सैन्य सप्टेंबरात आले, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु आपली प्रजा आपल्यावर संतुष्ट आहे हा निजामाचा दावा साऱ्या जगापुढे खोटा पाडला, तो येथल्या माणसांनी. या तेरा महिन्यांचा हिशेब महायुद्धाच्या खात्यावर मांडावयाचा असेल, तर बैठकीतल्या विद्वानांनी तो मांडून दाखवावा.

महायुद्धाचे श्रेय शून्य नव्हे, हेही सांगितले पाहिजे. पोर्तुगाल त्या युद्धात तटस्थ राहिला, म्हणून थकला नाही. गोवा सुटला डिसेंबर १९६१ मध्ये, आणि मोझांबिक व अंगोला यांस तर दीर्घ सशस्त्र लढ्यानंतरही १९७५ साल उजाडावे लागले.

१९४८ सालीच स्वतंत्र भारताने आपला पहिला आयुक्त म्हणून नैरोबीस धाडले ते औंधच्या अप्पासाहेब पंतांना. आफ्रिकी पुढाऱ्यांतील त्यांची ऊठबस तेथील गोऱ्यांच्या डोळ्यांत सलू लागली. ती वृत्ती घरचीच होती. त्यांच्या वडिलांनी, राजेसाहेब भवानरावांनी, महायुद्धाची ठिणगी पडण्यापूर्वीच औंधचा कारभार प्रजेच्या हाती सोपविण्याची घटना मान्य केली होती. औंध हे लहानसे संस्थान, हैदराबाद देशातले सर्वांत श्रीमंत. ती बुद्धी हैदराबादेस झाली असती, तर टाऊन हॉलपाशी स्मृतिस्तंभ उभारण्याची वेळ जालनेकरांवर आली नसती.