चढण रेडिएटरची, उतार ब्रेकचा
छाणी जकात नाक्यावरून वडोदऱ्यातला एखादा मराठी संसार जुन्या पिकअपमध्ये भरून पुण्याकडे निघतो, तेव्हा सगळ्यांचं लक्ष कपाटाच्या आरशावर असतं. टायरच्या तारखेवर कुणाचंच नसतं. ती टायरच्या बाजूवर छापलेली असते: शेवटचे चार आकडे 3218 असले, तर 2018 सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी वर्षानुवर्षं उन्हात उभ्या गाडीचं रबर कडक होतं, भेगाळतं. मेकॅनिक इंजिनाचा आवाज ऐकून ‘चाली जशे, भाई’ म्हणतो. चालेल की! भरूच-सुरतेच्या सपाट महामार्गावर कुठलंही खटारं चालतं. खरी परीक्षा खंडाळ्याच्या घाटात. भरल्या गाडीनं चढताना इंजिन तापतं, म्हणून रेडिएटर साफ हवा, होज पाइप आणि फॅन बेल्ट धड हवेत. परतीच्या उतारावर पाळी ब्रेकची. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. तो मुरला की ते कमी तापमानालाच उकळतं, वाफ धरते आणि पेडल थेट तळाला जातं. ते बदलायला खर्च तो किती? पण लोक आधी बोनेटला रंग मारून घेतात. मालवाहू गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी झाली की फिटनेस दरवर्षी लागतो. तो, विमा आणि पीयूसी ड्रायव्हरच्या हाताशी असू द्या. आणि माल चढवल्यावर स्प्रिंगच्या पाट्यांची कमान उलटी दिसली, तर लोखंडी कपाट दुसऱ्या फेरीला ठेवा, आजींनी कितीही हट्ट धरला तरी.