कार्ड मेलेले नाही



‘जुना गेमिंग संगणक भंगारातच द्यावा’ हे कल्याणच्या वाचकाचे मत (मागील अंक) पटले नाही. पडदा काळा झाला की ग्राफिक्स कार्ड मेले, असे दुकानदार सांगतात; मलाही लॅमिंग्टन रोडवर नवे घ्यायचा सल्ला मिळाला होता. माझे कार्ड २०१३ चे, जीटीएक्स ७६०. एनव्हिडियाने या कार्डाच्या केपलर पिढीसाठी ड्रायव्हरची ४७० ही शेवटची मालिका ठेवली. त्यापुढचा ड्रायव्हर त्यावर चालतच नाही. दोष कार्डाचा नव्हे, चुकीच्या ड्रायव्हरचा!

ड्रायव्हर बदलताना आधी इंटरनेट तोडावे, नाहीतर विंडोज मध्येच आपल्या मनाचा ड्रायव्हर आणून बसवते. मग सेफ मोडमध्ये ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ने जुने अवशेष साफ करून ४७० मालिकेतला ड्रायव्हर टाकावा. तरीही अडले, तर संगणक बंद करून, वायर काढून कार्डाचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसावेत. आमच्याकडच्या पावसाळी दमटपणात हा उपाय निम्मी दुरुस्ती ठरतो (घरचे हसले, तो भाग वेगळा). नवे गेम त्यावर धावणार नाहीत, हे मान्य. जुने मात्र मुलगा रोज खेळतो.

– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)