मध्यस्थाचे कागद

या अंकाचा विषय आहे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर आणि त्यांचे खासगी कागद. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू एवढीच त्यांची ओळख आता उरली आहे; तीही बहुधा जयकर ग्रंथालयामुळे. मुंबईच्या हायकोर्टातला हा नामांकित वकील राजकारणात आला, पण अशील बदलला तरी त्याची पद्धत बदलली नाही. १९३० च्या उन्हाळ्यानंतर उदारमतवादी नेते तेज बहादूर सप्रू यांच्यासोबत ते सरकार आणि तुरुंगातले काँग्रेस नेते यांच्यात निरोप नेत होते. नेहरू पितापुत्रांना नैनीहून येरवड्याला गांधीजींकडे आणले गेले, ते याच खटपटीत. तडजोड फसली. डिसेंबर १९४६ मध्ये, घटना समितीत मुस्लिम लीग येईपर्यंत उद्दिष्टांचा ठराव थांबवा, असे त्यांनी सुचवले आणि रोष ओढवून घेतला.

अशा माणसाला पुतळे लाभत नाहीत. (त्याची त्यांना खंत असेल, असे वाटत नाही.) पण दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातला त्यांचा संग्रह अभ्यासकांना पुरून उरतो, कारण मध्यस्थाकडे दोन्ही बाजूंची पत्रे येतात.

आज मधली भूमिका घेणाऱ्याला दोन्हीकडून बोल लागतात, म्हणून हा विषय आम्हाला निकडीचा वाटला. आम्ही गौरवांक काढलेला नाही. जयकरांचे अंदाज जिथे चुकले, तिथे लेखकांनी हात आखडलेला नाही.

तुमच्या घरीही एखाद्या वकील आजोबांची पत्रे, डायऱ्या असतील. रद्दीत घालण्याआधी आम्हाला जरूर कळवा. आणि आमचे मूल्यमापन पटले नाही, तर तसेही लिहा.