खोंडाला गुलाल, गाईला कुसळं

खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत खोंड घ्यायला आलेला माणूस आधी त्याचा जबडा उघडतो. दुधाचे दात शाबूत असले तर आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि शेवटी जुळलेला. त्यानंतर खुरं, शिंगांची ठेवण, वशिंड, शेपटीचा गोंडा. कासरा धरून चार पावलं चालवून बघायचं. सौदा ठरतो उपरण्याखाली, बोटांच्या खुणांनी. शेजारी उभ्या माणसालाही आकडा कळत नाही. एवढ्या परीक्षेत एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही: याची आई कुठं चरते?

खिल्लार म्हणजे मुळात कळप. कळप राखणारा तो खिल्लारी. आटपाडी, म्हसवड, सांगोला, जत या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, जिथं पाऊस कधी पडतो आणि कधी नुसताच दिसतो, तिथल्या माळानं हे जनावर घडवलं. अंगानं हलकं, पायानं चपळ, खुरानं टणक, स्वभावानं तापट. आटपाडी महाल हा जुन्या औंध संस्थानाचा भाग. त्या महालाचं नाव खिल्लारच्या एका प्रकाराला आजही चिकटलेलं आहे. मोट, कुळव, गाडी ही सगळी कामं याच जनावरानं ओढली.

दुधाचं गणित मात्र कधीच जमणारं नव्हतं. खिल्लार गाय एका वेताला सरासरी ३८४ किलो दूध देते, असं पशुआनुवंशिकीच्या नोंदी सांगतात. दिवसाला बारा लिटर देणारी संकरित गाय तेवढं दूध ३२ दिवसांत देते. म्हणून खिल्लार गाय पाळली जायची ती खोंडासाठी. वासरू पोटभर प्यायचं, उरलं तर घरात चहा. वर्ष-दीड वर्षानं खोंड यात्रेत जायचा आणि त्या पैशात लग्न, विहीर किंवा सावकार यांपैकी एक काहीतरी मिटायचं.

ही साखळी गेल्या तीस-चाळीस वर्षांत कडीकडीनं तुटली. ट्रॅक्टर आला, बैलाचं काम गेलं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना मनाई केली. २०१५ मध्ये राज्यात बैलाच्या कत्तलीवर बंदी आली आणि म्हाताऱ्या बैलाला जो काही भाव यायचा तो संपला. कायद्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध कितीही बोलता येईल, पण थकलेल्या बैलाची वैरण कुणी भरायची, हा प्रश्न त्यानं गोठ्याच्या दारात आणून ठेवला, हे खरं. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाय-बैल मिळून सुमारे १ कोटी ५५ लाख होते. २०१९ मध्ये ते १ कोटी ४० लाखांवर आले.

मग १६ डिसेंबर २०२१ ला शर्यतींना परवानगी मिळाली. मे २०२३ मध्ये घटनापीठानंही ती कायम ठेवली. शर्यतीच्या घाटावर गुलाल उधळला, खोंडांचे भाव चढले, मोबाईलवर बैलांच्या नावाची खाती निघाली. शर्यतीनं खिल्लार वाचवली, असं आता सर्रास म्हटलं जातं. अर्धं खरं आहे. शर्यतीनं वाचवला तो नर, आणि त्यातलाही निवडक. शंभर वासरांत निम्म्या कालवडी. उरलेल्यांतून धावपट्टीवर पोचणारे किती? ज्या पोटातून तो हिंदकेसरी निघतो, त्या पोटाला बक्षीस नाही आणि कालवडीच्या दाव्याला गिऱ्हाईक नाही.

गोठ्यातली कामाची वाटणीही अशीच आहे. सौदा पुरुषांचा, शर्यत पुरुषांची. पहाटेचं शेण, दुपारचं पाणी, वैरणीचा भारा आणि अडलेली गाय बघत काढलेली रात्र बहुतेक घरांत बायकांची. बेंदराला झूल बैलाच्या पाठीवर पडते. गोचीड काढणारीला पुरणपोळी करायची असते.

पण खरा तोटा गोठ्याच्या बाहेर आहे. साडेतीनशे किलोच्या गाईला रोज वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे पावणेनऊ किलो सुका चारा लागतो. वर्षाला तीन टनांहून जास्त. जिरायती कडब्यावर तो कधीच भागत नव्हता, माळ भागवायचा. चांगल्या माळावर शेडा, मारवेल अशी कसदार गवतं असतात. पहिल्या पावसाचा कोंब वर आला रे आला की गुरं घातली, तर ही गवतं मुळासकट जातात आणि त्यांची जागा कुसळी घेते. कोवळी असताना ती जनावर खातं. बी धरलं की तिची कुसळं तोंडात, कातडीत रुततात. तीही ओरबाडली की खाली मुरूम उघडा पडतो, पाऊस वाहून जातो. माळ असा पायरी-पायरीनं मरतो, एका दुष्काळात नव्हे. सरकारी कागदावर त्याला पडीक म्हणतात, हा त्याचा आणखी एक अपमान.

दुष्काळ फक्त हिशेब मांडतो. २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०१८-१९ मध्ये माणदेशातली कुटुंबं जनावरांसह चारा छावण्यांत राहायला गेली. म्हसवडच्या छावणीत हजारो जनावरं होती. माणसं तिथंच चुली मांडून महिनोन्‌महिने राहिली. चारा म्हणजे बहुतेक उसाचं वाढं. त्यात ऑक्झलेट असतं, ते शरीरातला चुना बांधून टाकतं; म्हणून जाणती माणसं पाण्यात चुन्याची निवळी घालतात. ज्या मुलखात ऊस नाही, तिथली गाय उसाच्या शेंड्यावर जगवायची, ही गोष्ट विचित्र वाटायला हवी होती. ती सवयीची झाली. पुढं टेंभू सिंचन योजनेचं पाणी आटपाडीत पोचलं, ही मोठीच गोष्ट. पण पाण्यामागून डाळिंब आलं, संकरित गाय आली, आणि माळ आणखी आकसला. त्यासाठी शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. त्याच्या जागी बसलेल्या कुणीही तेच केलं असतं.

उपाय म्हणून चराईबंदीचं नाव निघतं. हिवरे बाजारनं ती पाळली, गवत विळ्यानं कापून नेलं, आणि उघडे डोंगर हिरवे झाले. मात्र तोच नियम उचलून माणदेशात ठोकून चालणार नाही. खिल्लार चालणारं जनावर आहे. दावणीला जखडलं तर ते पायातून जातं. इथं हवी फिरती बंदी. माळाचे तीन तुकडे करावेत, एक तुकडा बी झडेपर्यंत म्हणजे दसऱ्यापर्यंत बंद ठेवावा, दरवर्षी तुकडा बदलावा. धनगर मेंढरं शेतात बसवताना कोणतं रान कधी, हे ठरवतोच की!

त्यासाठी आधी माळ शिल्लक हवा. २८ जानेवारी २०११ ला जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं. तरीही गायरान म्हटलं की ते कशाला तरी देऊन टाकायची जमीन, हीच सरकारी नजर आहे. हल्ली सौर प्रकल्पांसाठी तीच पुढं केली जाते. पोटासाठी एकरभर कसणारा भूमिहीन आणि शेकडो एकर मागणारा प्रकल्प यांना एकाच काट्यानं तोलू नये. पण दोघांविषयी निर्णय घेताना गुरं राखणाऱ्याला विचारलंच जात नाही.

शर्यतीच्या बक्षिसात गावोगाव वर्गणी घालणाऱ्या मंडळींना म्हणून एक विनंती. पुढच्या ग्रामसभेत आपल्या गायरानाचा सातबारा मागवा, जागेवर जाऊन मोजा, आणि कागदावर किती हेक्टर व पायाखाली किती, हे दोन आकडे शर्यतीच्या फलकाशेजारी लिहून लावा. आणि यंदाच्या बक्षिसातला एक हिस्सा घाटावर न देता, गावातली सर्वांत चांगली कालवड राखणाऱ्या घराला द्या.