लग्नाचा छायाचित्रकार कसा निवडावा? इतिहासाकडून मिळणारी काही उत्तरे

१/
राणी व्हिक्टोरिया आणि राजपुत्र अल्बर्ट यांचे ‘लग्नातले छायाचित्र’ समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असते. ते लग्नातले नाही. विवाह झाला १० फेब्रुवारी १८४० रोजी. छायाचित्र आहे १८५४ चे, रॉजर फेंटन याने टिपलेले, दरबारी पोशाखातले. लग्नाचे छायाचित्र म्हणजे लग्नाची जशीच्या तशी नोंद, हा समज इथेच तपासून घ्यावा लागतो.

२/
२५ जानेवारी १८५८ रोजी याच दांपत्याच्या थोरल्या कन्येचा विवाह झाला. विधीपूर्वी वधू आणि तिचे आईवडील कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. राणी थरथरत होती; परिणामी तिचीच आकृती पुसट उमटली. तेव्हा काही क्षण निश्चल राहणे भाग असे, आणि आईला ते साधले नाही. त्या चित्रातील सर्वांत खरी गोष्ट म्हणजे ती पुसट आकृती.

३/
त्या काळची पूर्वतयारी ही रसायनशास्त्राची गरज होती. १८५१ पासून प्रचारात आलेल्या ओल्या कलोडियन काचेला निळा रंग चटकन दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे कुंकू काळे उमटे, हळदीचे पिवळे वस्त्र गडद होई आणि निळे वस्त्र पांढुरके दिसे. डोके हलू नये म्हणून मागे लोखंडी आधार लावीत. अशा छायाचित्रावरून शालूचा रंग ठरवू पाहणारा अभ्यासक हमखास फसतो.

४/
मुंबईत ही कला लवकर रुजली. १८५४ मध्ये येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात होते. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे भारतीय व्यावसायिकही पुढे आले. हळूहळू सधन घरांतील जोडपी स्टुडिओची पायरी चढू लागली. नवरा खुर्चीत, पत्नी शेजारी उभी, मागे रंगवलेला पडदा: ही मांडणी अनेक घरांच्या जुन्या पेटीत आजही सापडते.

५/
ही मांडणी केवळ तंत्रामुळे आली, असे म्हणता येत नाही. कोरड्या जिलेटिन काचा आल्यावर, १८८० च्या सुमारास, प्रकाशनाचा वेळ सेकंदाच्या अंशावर आला. लोखंडी आधार निघून गेला. खुर्ची मात्र राहिली. कोण बसणार आणि कोण उभे राहणार, हे रसायन ठरवीत नव्हते. घर ठरवीत होते.

६/
कॅमेऱ्यामागे कोण आहे, यालाही तेवढेच महत्त्व होते. १८९२ मध्ये राजा दीनदयाळ यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी ‘झनाना’ स्टुडिओ उघडला आणि त्याची सूत्रे एका इंग्रज स्त्रीकडे सोपवली. पडद्यातील स्त्रिया त्यामुळे कॅमेऱ्यासमोर येऊ शकल्या. ही सोय श्रीमंतांपुरतीच होती, हे खरे; तरी छायाचित्रकाराची निवड म्हणजे ‘कोण दिसणार’ याची निवड, हे तिने सिद्ध केले.

७/
आजची निवड बहुधा दर, ड्रोन आणि आधीच्या कामाचे निवडक नमुने यांवर होते. नमुन्यांत सर्वोत्तम वीस क्षण असतात. लग्न दिवसभराचे असते. म्हणून एका लग्नाचा संपूर्ण संच पाहावयास मागणे अधिक शहाणपणाचे. त्यात आजी किती वेळा दिसते? पंगतीत वाढणारे हात दिसतात का? मंगलाष्टकांच्या वेळी छायाचित्रकार विधीच्या आड येतो की बाजूला राहतो? या प्रश्नांची उत्तरे दरपत्रकात मिळत नाहीत.

८/
‘पोझ खोटी, कॅन्डिड खरे’ हा आजचा लाडका सिद्धांतही अपुरा आहे. न सांगता टिपलेल्या क्षणामागेही निवड असते: कॅमेरा कोणाकडे वळला, कोणाकडे नाही. उलट विचारपूर्वक केलेली तयारी प्रामाणिक असू शकते. जोडप्याने आधी एकदा छायाचित्रकारासमोर बसून घ्यावे, अवघडलेपण जाऊ द्यावे, कोणाची छायाचित्रे हवीतच याची यादी हाती द्यावी, आणि खुर्चीचा प्रश्न स्वतः सोडवावा. दोघेही बसू शकतात. दोघेही उभे राहू शकतात.

९/
सर्वांत मोठा धोका नंतरचा आहे. जुन्या छायाचित्रांत चेहरे टिकले, नावे गेली. त्यांतही स्त्रियांची आधी गेली, कारण मागे लिहिले असलेच तर ‘अमुकरावांचे कुटुंब’ एवढेच असे. आज हजारो प्रतिमा एखाद्या हार्ड डिस्कवर पडून असतात आणि ती बिघडली की सगळे एकदम जाते. मूळ फाइली केव्हा मिळणार, त्यांच्या दोन प्रती कोठे राहणार, चांगल्या कागदावर किती छायाचित्रे छापून मिळणार, हे ठरवूनच विसार द्यावा.

१०/
आणि छापील प्रतींच्या मागे मऊ पेन्सिलीने तारीख, गाव व प्रत्येकाचे संपूर्ण नाव लिहावे. वधूचे माहेरचे नावही. हे काम कोणताही छायाचित्रकार करून देणार नाही. शंभर वर्षांनी ती पेटी उघडणाऱ्याला मात्र त्या चार ओळी सर्व प्रकाशयोजनेहून मोलाच्या वाटतील.